अण्णांची दुरुस्ती

अण्णांनी उभा जन्म बस चालवण्यात घालवला. पण घरात काही बिघडलं की ते प्लंबर बोलवत नसत, सुतार बोलवत नसत; स्वतःच बाह्या सरसावत. त्यामुळे एकदा बिघडलेली वस्तू त्या घरात पुन्हा सुधारलेली कोणी पाहिली नव्हती.

आता ते घर विकायला काढलं होतं. घेणाऱ्या नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं : गळका नळ, घट्ट बसलेली खिडकी आणि ओल आलेली भिंत नीट करून द्या, मगच खरेदीखतावर सही.

"माणूस बोलावू या," बायको म्हणाली.

"का? मी काय मेलोय?" असं म्हणत अण्णांनी हत्यारांची पेटी काढली.

सहीच्या आदल्या दिवशी नर्सबाई सासूबाईंना घेऊन पाहायला आल्या. त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. तो कोरडा ठणठणीत राहिला आणि तिकडे न्हाणीघरात शॉवर धो धो सुरू झाला.

"गळत नाही ना आता?" अण्णा म्हणाले.

खिडकीला नर्सबाईंनी नुसता हात लावला, तर ती चौकटीसकट खाली बागेत जाऊन पडली.

"उघडते," अण्णा म्हणाले.

ओलीच्या भिंतीपुढे त्यांनी कपाट सरकवून ठेवलं होतं. सासूबाईंनी ते उघडलं. आत अण्णांचा जुना गणवेश टांगलेला होता आणि त्याच्या खांद्यावर टपोऱ्या अळंब्या उगवल्या होत्या.

"आमच्या कुंडीत मेलं काही धरत नाही," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"काका, उद्या सही होणार नाही," नर्सबाई म्हणाल्या.

अण्णांनी तोंड उघडायच्या आत बायकोने प्लंबरला फोन लावला, पाठोपाठ सुताराला आणि गवंड्यालाही. काम सुरू झालं. अण्णांच्या सूचनांना कंटाळून प्लंबरने त्यांना बाहेर पायरीवर बसवलं.

यथावकाश नळ नीट वाहू लागला, भिंत सुकली. अण्णा नव्या खिडकीत वारा खात बसले आणि म्हणाले, "इतकं छान घर विकायचं कशाला?"

"तुम्ही खुशाल राहा," बायको बॅग भरत म्हणाली. "मी निघाले."

अण्णांनी निमूट सही केली. निघताना नर्सबाईंना म्हणाले, "काही बिघडलं तर हक्काने बोलवा."

नर्सबाईंनी हसून मान डोलावली आणि घरी जाऊन सासूबाईंना बजावलं, "हे काका आले तर दार उघडायचं नाही."