कॅचरची बॅटिंग आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका न्यायी माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये नसेल, आणि इतक्या न्यायाची कुणाला गरजही नसेल. त्यांचा हट्ट एकच, तुलना करायची तर बरोबरीच्यांशी. ते राहतात त्या उइटहॉर्न गावच्या सुपरमार्केटमधला आंबा खाऊन मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "हापूसशी कशाला तोलता? विमानाने आलेल्या आंब्यांत हा अव्वल आहे." एकदा मेहुणीने मोठ्या आशेने विचारलं, "पुरणपोळी कशी झालीय?" हे गंभीरपणे म्हणाले, "इथलं पीठ वापरणाऱ्यांमध्ये उत्तम." त्या दिवशी त्यांच्या पानात दुसरी पोळी पडली नाही.

कोरोनात ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, क्रिकेट बंद पडलं, आणि साडू कुंपणापाशी उभे राहून शेजारच्या डच आजोबांशी इंग्रजीत गप्पा मारू लागले. आजोबा सत्तरी ओलांडलेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे. तरुणपणी ते 'होंकबल' खेळायचे, म्हणजे आपलं बेसबॉल. त्यातही कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा गडी. बोटं अजून वाकडी. "झेलायचो बरा," ते हसत म्हणाले, "पण मी बॅट उचलली की लोक कॉफी आणायला जायचे." त्यांचा धाकटा भाऊ त्याच संघात पार लांब, सीमेजवळ उभा राहायचा. त्याची बॅटिंग चांगली, म्हणून घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला तो थोरल्याची हीच थट्टा करायचा. साडू उसळलेच. "अख्खा सामना गुडघे मोडून बसणाऱ्याची बॅटिंग गवतात हवा खाणाऱ्याशी तोलायची? हा अन्याय आहे!"

झालं! आजोबांचा संघ ज्या लीगमध्ये खेळायचा, तिच्या वेबसाइटवर जुन्या सामन्यांचे तपशील होते. साडूंनी त्यासाठी बेसबॉल शिकून घेतलं, अगदी चेंडू वाईट पडले की फलंदाजाला फुकट पुढे सोडतात त्याला 'वॉक' म्हणतात इथपर्यंत, आणि आकड्यांपुरतं डचही शिकून घेतलं. मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, तुम्ही तरी समजवा हो यांना! मीटिंगमध्ये म्यूट करायला विसरले आणि सगळ्या टीमसमोर ओरडले, 'वॉक म्हणजे आऊट नव्हे!'"

त्या उन्हाळ्यात आजोबांचा वाढदिवस घरासमोरच्या अंगणात झाला. मोजकी माणसं, खुर्च्या लांबलांब. मीही सायकल मारत पोचलो होतो. केक वाटून होतो न होतो तोच धाकट्या भावाने बॅटिंगचा विषय काढला. साडू लॅपटॉप घेऊन उभे राहिले, ऑफिसात प्रेझेंटेशन द्यावं तसे. "त्या काळी या लीगमध्ये जेवढे कॅचर नियमित खेळले, तेवढे सगळे मी एकत्र घेतले. प्रत्येकाच्या पूर्ण कारकिर्दीतली बॅटिंग पाहिली. एक जण सोडला, तर बाकी सगळे या आजोबांच्या खाली आहेत."

आजोबांनी बशी खाली ठेवली. "तो एक कोण?"

साडूंनी नाव सांगितलं.

"हां," आजोबा मान डोलावत म्हणाले, "तो होताच जबरदस्त." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते बॅटिंगबद्दल एखाद्या मोठ्या खेळाडूसारखे बोलले असावेत.

धाकट्या भावाने खाकरून विचारलं, "आणि सीमेजवळ उभे राहणाऱ्यांमध्ये मी कितवा?"

"तेही पाहिलंय," साडू लॅपटॉप मिटत म्हणाले, "पण आज वाढदिवस यांचा आहे. तुमच्या वाढदिवसाला सांगेन. नाही, तेव्हाही नकोच."

सगळ्यांत मोठ्याने हसला तो धाकटा भाऊच. अर्धी कॉफी त्याच्या पँटवर सांडली.

पाहुणे गेल्यावर आम्ही खुर्च्या आवरायला लागलो. आजोबा एक खुर्ची हातात धरून तसेच उभे राहिले. "मी बॅटिंग चांगली करतो, हे माझी बायको जन्मभर सांगत होती," ते म्हणाले. "मला वाटायचं, बायको आहे म्हणून म्हणते."

प्रत्येक गोष्टीवर मुद्दा काढणाऱ्या आमच्या साडूंनी नुसती आजोबांच्या हातातली खुर्ची घेतली, पुन्हा उन्हात मांडली, आणि आपली ओढून शेजारी बसले.