नवऱ्याला न वाचता येणारं पुस्तक

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. तंजावरात आमच्या घरी सगळे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. देवनागरी अक्षरं फक्त मला येतात, तीही चाळिशीनंतर हट्टानं शिकलेली. त्यामुळे माझ्या पुस्तकात कुणी डोकावू शकत नाही. खरं सांगू? मला तेच फार आवडायचं.

मुलगी लग्न होऊन गेली, हे रिटायर झाले, घरात उरलो दोघंच. हे बोलायला लागले की मी पुस्तक तोंडासमोर धरते. आज म्हणाले, "संध्याकाळी तिरुवैयारूला नदीवर जाऊन येऊ या का?" मी मान वर न करता म्हटलं, "एवढं प्रकरण संपू दे."

मग मी कॉफी करायला आत गेले. बाहेर येते तर हे माझ्या खुर्चीत, माझं पुस्तक तोंडासमोर धरून! एक अक्षर कळत नाही, तरी पान उलटलं.

मला हसू आलं. "काय वाचताय?"

"वाचत नाही. तू रोज मला सोडून कुठं जातेस, ते बघतोय."

रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. पण अगदी साध्या आवाजात म्हणाले.

मी शेजारी बसले आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले. ऐकलेलं सगळं त्यांना कळतं. कॉफी निवून गेली.

आता नदीवर निघालोय. पुस्तक त्यांनीच पिशवीत घातलंय.

तुम्हीही असंच पुस्तक धरून बसता ना? त्याच्या पलीकडे कोण बसलेलं असतं?