नाल्यातली डुकरं आणि दत्ताभाऊंची गोळी

‘म्हंजे गोळीनंच त्याईले लपोलं! मंग मी गोळी काहून खाऊ?’

दत्ताभाऊंनी गोळ्यांची बाटली माझ्या टेबलावर आपटली. मी एआरटी सेंटरवर समुपदेशक. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची रोजची गोळी. ती का खायची हे पेशंटच्या डोक्यात भरवणं माझं काम. आज मी नेमकं उलटं भरवून ठेवलं होतं.

भाऊ आसेगावकडचे शेतकरी. रक्तात किती विषाणू आहेत ते सांगणारा त्यांचा व्हायरल लोडचा रिपोर्ट आला होता: सापडला नाही. ‘मंग बरा झालो ना मॅडम? गोळी बंद!’ शेजारी त्यांची बायको वैशाली. ती निगेटिव्ह, आणि पोटुशी. गोळी बंद झाली की विषाणू परत उसळणार, आणि धोका तिला आणि पोटातल्या बाळाला.

आमचे डॉक्टर नुकतेच ट्रेनिंगहून स्लाइड्स घेऊन आलेले. ‘पेशंटला रिझर्व्हायर समजावत जा,’ असा हुकूम. रिझर्व्हायर म्हणजे पेशींमध्ये झोपून राहिलेला विषाणू. तो रिपोर्टात दिसत नाही आणि गोळीने मरत नाही. मी समजावलं. हे लपणं लागण झाल्यापासूनच चालू असतं. पण वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांमध्ये जे झोपलेले सापडतात, त्यातले बरेचसे गोळी सुरू झाली त्या सुमाराचे. गोळीने लढाई थंडावते, लढणाऱ्या पेशी विसावतात, आत शिरलेला विषाणूही तिथेच झोपतो. एवढं छान बोलून मी स्वतःवरच खूश झाले. भाऊंनी त्यातली फक्त सोयीची ओळ उचलली.

मी डॉक्टर सरांकडे धावले.

‘एवढं सगळं सांगायला कोणी सांगितलं तुम्हाला?’

‘तुम्हीच, सर.’

सरांना अचानक एक महत्त्वाचा फोन करायचा आठवला.

मी परत आले. भाऊंचा राग आला होता, आणि वैशालीकडे बघून भीतीही वाटत होती.

‘भाऊ, पिकाच्या राखणीला रात्री वावरात जागल करता ना?’

‘मंग! डुकरं सोयाबीन ठेवतात का?’

‘जागल सुरू केली तेव्हा डुकरं कुठे गेली?’

‘नाल्यात. वावरात घुसेल होते तेच पयाले अन् झुडपात दडले.’

‘म्हणजे जागलीनंच लपवली. बंद करा जागल.’

‘काहून बंद करू? एक रात घरी झोपलो त सारं वावर...’

भाऊंची नजर बाटलीवर गेली.

‘मॅडम, माह्या अंगात डुकरं हायेत?’

उत्तर वैशालीने दिलं. ‘हायेत. अन् तुमी जागलीवर आहा. उचला ते बाटली.’

भाऊंनी मुकाट्याने उचलली.

बाळंतपणापर्यंत वैशालीची प्रत्येक टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे बाळाचीही काळजी मिटली. भाऊ पेढे घेऊन आले. पेढा खाताना माझे डोळे भरले. सरांनी दोन उचलले आणि रिझर्व्हायरची स्लाइड किती उपयोगी पडते ते मला सांगितलं.

मी अजूनही शास्त्र सांगते. पण मग विचारते, ‘आता काय समजलं ते मला सांगा.’ उत्तर ऐकेपर्यंत बाटली माझ्या हातात असते.