काकूंनी हरळीला कोंडलं

शिलाईकाकूंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. साठीला टेकल्यावर त्यांना तळमजल्याचं घर मिळालं आणि घरामागे चार खाटा मावतील एवढी जमीन. टोमॅटो लावीन, झिनियाची फुलझाडं लावीन, म्हणून काकू हरखून गेल्या. पण तिथं हरळीनं आधीच संसार थाटला होता. काकूंनी तीनदा उपटली, तीनदा ती दुप्पट जोमानं उगवली. हरळी हटेना आणि काकूंची कंबर धरली.

मग त्यांनी कोपऱ्यावरच्या फ्रिजच्या दुकानातल्या हमालाला गाठलं. "दादा, हे खोके टाकूनच देता ना?"

"न्या की! तेवढीच माझी एक खेप वाचेल."

काकूंनी खोके उलगडले, चिकटपट्ट्या सोलल्या, पिना उपसल्या. गवत कापून जमीन भिजवली आणि पुठ्ठे अंथरायला घेतले. वरच्या मजल्यावरून वकिलीणबाई ओरडल्या, "काकू, घर बदलताय की काय?"

"नाही हो, गवताला कोंडतेय!"

शेवटची रांग मदतीला आलेल्या काकांकडे होती. त्यांनी पुठ्ठे नुसते कडेला कड लावून ठेवले.

"अहो, शिवणीला माया ठेवतात ना, तशी ठेवा. चार बोटं एकावर एक चढू द्या."

"पुठ्ठ्याला कसली आलीय माया!" काका म्हणाले. काकूंनी वाद घातला नाही. पुठ्ठ्यांवर पाणी मारून वीतभर माती आणि पालापाचोळ्याचं खत पसरलं.

महिन्याभरानं सगळा वाफा स्वच्छ होता. फक्त काकांच्या रांगेत, पट्टी लावून आखावी तशी हरळीची हिरवीगार रेघ उभी! काकू हसून हसून पायरीवरच बसल्या. काका दुकानात गेले आणि डोक्यावर दोन खोके घेऊन आले.

रोपं लावायच्या वेळी पुठ्ठे पार मऊ पडले होते. खालची माती भुसभुशीत आणि बोटागणिक एक गांडूळ. "अहो, बघा तरी!" म्हणत काकू कोपरापर्यंत हात खुपसून बसल्या. त्या मोसमात टोमॅटोच्या फांद्या ओझ्यानं वाकल्या आणि झिनियांनी कुंपण झाकून टाकलं.

आता बुधवारी द्यायचा ड्रेस शनिवारी मिळतो. गिऱ्हाईक भांडायला म्हणून थेट मागच्या दारी येतं आणि ओंजळभर टोमॅटो घेऊन हसत परत जातं.