रघुकाकांच्या गाडीला काय कळायचं

रघुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करत होते. फोन त्यांच्या शेजारणीचा होता. पहाटे झोपेतच गेले, नर्स जवळ होती, त्रास झाला नाही, असं ती म्हणाली. मी तिचे आभार मानून फोन ठेवला आणि मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. ते सुटले असं नव्हे, मी सुटले... ज्या माणसानं मला या देशात सायकल चालवायला शिकवली, त्याच्या जाण्यावर हे वाटावं याची मला इतकी लाज वाटली की निखिलला, माझ्या नवऱ्यालाही, ते सांगितलं नाही. आज सहा आठवडे झाले. अजून तसंच वाटतंय, तेव्हा लाज बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. ते गेल्याचं दुःख आहेच. पण ते जायच्या आधी जे व्हायला हवं होतं ते झालं, आणि तेही अगदी थोडक्यात झालं. चार महिने उशीर झाला असता तर मी स्वतःला कधीच माफ करू शकले नसते.

त्यांची-माझी ओळख झाली ती माझ्या तोंडाळपणामुळे. लग्न होऊन हॉलंडला, अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्न गावी आले तेव्हा निखिल सकाळी शहरातल्या झुइडास भागातल्या ऑफिसात जायचा आणि मी दिवसभर घरी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, भाषा येत नाही, ओळखपाळख नाही. मराठी कुणाला कळत नाही हे एवढं एकच सुख होतं आणि मी ते पुरेपूर उपभोगत होते. एकदा सुपरमार्केटच्या रांगेत उभी राहून पुण्याला आईशी फोनवर बोलत होते. दक्षिणेतल्या ब्रेडाहून सासूबाई येणार होत्या. त्यांना प्रत्येक गोष्टीवर कोथिंबीर लागते, इथली कोथिंबीर म्हणजे गवत, आणि दोष मात्र माझ्या हाताला, असं बरंच काही मी मोठ्या आवाजात सांगत होते. फोन ठेवला तसा मागून एक म्हातारा, डोक्यावरची डच टोपी सावरत, म्हणाला, "पलीकडच्या तुर्की दुकानात ताजी मिळते. सासूबाई खूश होतील." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. ते मात्र गालात हसत होते. सांगलीचे, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, डच बायको एल्स वारलेली, मूलबाळ नाही. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "ब्रेडाचे का?" मी हो म्हटलं, तर म्हणाले, "मग कोथिंबीर माझ्या नावावर सांगू नकोस."

रात्री निखिलला विचारलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "ओ, द व्हॅन मॅन. बाबा डझंट टॉक टू हिम." त्याच्या लेखी विषय संपला. इथे वाढलेल्या मुलांना आईबापांच्या भांडणांत रस नसतो, आणि असला तरी तो मराठीत नसतो. मला मात्र होता. हळूहळू मी सगळं काढून घेतलं.

हॉलंडमध्ये तेव्हा घरात टीव्ही ठेवायचा तर लायसन्स लागे. आपल्याकडे रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक पोस्टात नेऊन शिक्का मारून आणायचे, ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल, तसलाच प्रकार. फरक इतकाच की इथे चोरून टीव्ही बघणाऱ्यांना शोधायला सरकारची एक गाडी फिरे. छपरावर अँटेना, आत यंत्रं, आणि यंत्रांपुढे हेडफोन लावून बसलेले आमचे रघुकाका. माझे सासरे, म्हणजे बाबा, आणि रघुकाका सांगलीला एका बाकावर शिकलेले. बाबांना ब्रेडाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली तीही रघुकाकांच्या ओळखीनं. बाबांनी जुना टीव्ही घेतला तेव्हा लायसन्सचं विचारलं, तर रघुकाका हसून म्हणाले होते, "अरे, आमची गाडी म्हणजे बुजगावणं. पाखरं घाबरतात, एवढंच. दार उघडलं नाहीस तर कुणी आत येऊ शकत नाही." बाबांनी लायसन्स काढलं नाही, आणि काही महिन्यांत ते सापडले. दंडाची चिठ्ठी घरी आली. बाबांचं कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं आणि राहण्याचा परवाना त्यावर अवलंबून. आता आपल्याला परत पाठवणार, या धास्तीनं त्यांनी रघुकाकांचं घर गाठलं. रघुकाका म्हणाले, गाडीनं पकडलं. यंत्राला कळलं. बाबा म्हणाले, तूच तर म्हणाला होतास बुजगावणं आहे म्हणून. रघुकाका पुन्हा तेच म्हणाले, यंत्राला कळलं. बाबा पक्के हिशेबी डोक्याचे. गाडीला कळत नाही, घरात टीव्ही आहे हे रघूखेरीज कुणाला माहीत नाही, म्हणजे रघूनंच सांगितलं. खात्यात वर चढायला दोस्ताचा बळी दिला... परवाना काही गेला नाही, पण मैत्री गेली. मग ती गोष्ट ब्रेडापासून अ‍ॅमस्टरडॅमपर्यंतच्या मराठी घरांत पसरली आणि रघुकाकांना गणपतीला, दिवाळीला कुणी बोलवेनासं झालं. एल्सला त्यांनी कारण सांगितलंच नाही म्हणे. ती बिचारी दर वर्षी विचारायची, यंदा लाडू कुठे खायचे?

मी त्यांच्याकडे जात राहिले. सायकल त्यांनीच शिकवली. मागून सीट धरून, वय सत्तरच्या पुढे असताना, कालव्याच्या काठानं धावत. सून म्हणून मी त्यांच्याशी बोलायला नको होतं, पण मला कुणी तशी स्पष्ट बंदी घातली नव्हती आणि मी विचारायला गेले नाही. त्यांना भेटणारा प्रत्येक नवा माणूस एकच प्रश्न विचारायचा: त्या गाड्यांना खरंच कळायचं का हो? लायसन्स कधीच रद्द झालेलं, गाड्या भंगारात गेलेल्या, तरी हा प्रश्न काही म्हातारा होत नव्हता. आणि रघुकाका, जे एरवी स्वतःच्या सरकारी नोकरीची मनसोक्त टिंगल करायचे, ते या एका प्रश्नावर एकदम गंभीर होऊन सांगायचे, "कळायचं. यंत्र चुकत नाही." मलाही असंच सांगितलं. मी चेष्टा केली, डोळे मिचकावले, पण ते बधले नाहीत. खोटारडा म्हणावं तर माणूस तसा नव्हता. मला वाटायचं, गुन्हा केलाय आणि कबूल करायची हिंमत नाही. हो, मीही तेच धरून चालले होते, आणि हे आता सांगायला हवं.

मग तो पहिला लॉकडाऊन आला. त्याच सुमारास रघुकाकांच्या फुप्फुसांचं निदान झालं. कोविड नव्हे, साधा जुना कर्करोग, पण त्या दिवसांत तो जणू दुय्यम आजार होता. फॅमिली डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, वर्षभरही नाही. त्या आठवड्यात मी आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता ते सांगून टाकलं. मग आई हळूच म्हणाल्या, "अगं, त्या टीव्हीवाल्या माणसाला मीच आत घेतलं होतं."

तेव्हा आईंचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. कराडहून आलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी. बाबांनी बजावून ठेवलं होतं, बेल वाजली तरी दार उघडायचं नाही. त्या दुपारी बेल वाजली. खिडकीतून पाहिलं तर चौथ्या मजल्याच्या उघड्या गॅलरीत एक गोरा माणूस वाऱ्या-पावसात गारठून उभा. त्यानं काहीतरी विचारलं. त्यांना कळलं नाही. पण दारात आलेल्या माणसाला पाणीही न विचारता कसं परत धाडायचं? त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, या. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं, ती नेमकी टीव्हीसमोर. चहा केला, चिवडा दिला. तो एकटाच बसलाय, कंटाळेल, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा केला... इन्स्पेक्टर चहा पिऊन, चार ओळी लिहून, हात जोडून गेला. चिठ्ठी आली तेव्हा बाबांनी विचारलं, कोणी आलं होतं का? आई नाही म्हणाल्या. परवाना जाणार, संसार मोडणार, माझ्यामुळे, एवढंच त्यांना कळत होतं. गाडीत त्या दिवशी रघुकाकाच होते. साथीदार वर गेला तो बराच वेळ उतरेना, आणि उतरला तो कागदात चिवडा घेऊन. बाबा कारखान्यात असताना रघुकाका एकदा घरी आले, उंबऱ्याबाहेरच थांबले आणि म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. माझ्याकडून काही कळणार नाही." त्यांनी तो शब्द चाळीस वर्षांवर पाळला, आणि आई पाहत राहिल्या.

"आता तूच यांना सांग," आई मला म्हणाल्या. मी नाही म्हटलं. सांगायचं तर तुम्हीच, नाहीतर कुणीच नाही. असं ठणकावून बोलले खरं, पण त्यानंतरचे चार महिने फार वाईट गेले. रघुकाकांच्या दाराशी सूपचा डबा ठेवायचा, काचेतून हात हलवायचा, आणि आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही. त्यांचं वजन दर आठवड्याला उतरत होतं. आईंना रोज फोन करावासा वाटायचा आणि मी करत नव्हते. इतका राग मला माझ्या सासूचा आधी कधी आला नव्हता, कोथिंबिरीवरूनही नाही.

शेवटी आईंनी सांगितलं. का सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "चिडून जातील कुठे? अजून निम्मं बंदच आहे." हे लिहायलाही मी त्यांची परवानगी घेतली आहे. "लिही," म्हणाल्या, "आता मला कराडला कोण परत पाठवतंय." बाबा चिडले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. बाबा मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत. म्हणाले, रघूला भेटता येईल का?

उन्हाळा संपत आला होता, नियम थोडे सैल झाले होते. रघुकाकांच्या मागच्या बागेत भेट ठरली. बाबांनी ब्रेडाहून मोजपट्टी आणली होती. त्यांनी स्वतः दीड-दीड मीटरवर खुर्च्या मांडल्या. ड्राफ्ट्समन तो ड्राफ्ट्समनच. रघुकाका पांघरूण घेऊन, नाकाला नळी लावून बसले होते. आई खाली मान घालून बसल्या. मी दारात उभी राहिले. बराच वेळ सांगलीच्या शाळेतल्या मास्तरांबद्दल बोलणं झालं. मग बाबा एकदम म्हणाले, "रघू, आज खरं सांग. गाडीनं पकडलं होतं का मला?"

रघुकाकांनी आईंकडे पाहिलंसुद्धा नाही. धाप लागत होती, तरी एकेक शब्द नीट उच्चारून म्हणाले, "गाडीनंच. यंत्र चुकत नाही."

"तिनं मला सगळं सांगितलंय, रघू."

रघुकाका आईंकडे वळले आणि जरा रागानंच म्हणाले, "वहिनी, कशाला सांगितलंत?" आईंना रडू कोसळलं. बाबा उठले, आपण मांडलेलं दीड मीटर ओलांडून रघुकाकांच्या खुर्चीशी गेले आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना नियमाची आठवण करून दिली नाही. बाबा फक्त एवढंच म्हणाले की माझं चुकलं, आणि रघुकाका म्हणाले की बुजगावणं म्हणालो ते माझंही चुकलंच, तुला लायसन्स काढायला लावायला हवं होतं.

त्या दिवशी मला गाडीचं खरं उत्तरही मिळालं. टीव्ही चालू असला की त्यातून एक बारीक लहर बाहेर पडते आणि ती यंत्रात ऐकू येते, हे खोटं नाही. शेतात एकटं घर असेल तर सांगता यायचं. पण चार मजली इमारतीत कुणाचा टीव्ही, वरचा की खालचा, ते देवालाच ठाऊक. खरं काम चालायचं यादीवर. लायसन्स न काढलेल्या घरांची यादी घ्यायची, गाडी दिसेल अशी उभी करायची आणि बेल दाबायची. बाकीचं लोक स्वतः करायचे. "पण चहा," रघुकाका म्हणाले, "आम्हाला सगळ्या नोकरीत एकाच घरी मिळाला."

त्यानंतर दोघे रोज सकाळी फोनवर बोलायचे. म्हणजे भांडायचे; मास्तरांच्या नावावरून, शाळेच्या सहलीवरून. हे जेमतेम चार महिने चाललं. मग शेजारणीचा तो फोन मला आला.

संचारबंदीचे दिवस होते. अंत्यविधीला मोजकी माणसं, ब्रेडाहून बाबांना येता आलं नाही. मराठी मंडळींनी आठवड्यानं व्हिडिओ कॉलवर शोकसभा ठेवली. ज्यांनी त्यांना कधी घरी बोलावलं नव्हतं तेही चौकटीचौकटींत दिसत होते, अवघडलेले. शेवटी आयटीतल्या एका तरुणानं, जो रघुकाकांना धड भेटलाही नव्हता, विचारलं की त्या गाड्यांना खरंच कळायचं का. जुन्या लोकांना ती गोष्ट ठाऊक होती. बाबांनी घसा साफ केला. शेजारी आई बसल्या होत्या. बाबा म्हणाले, रघूनं मला पकडून दिलं असं मी चाळीस वर्षं सांगत आलो, ते साफ चूक होतं, आणि त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. मला गाडीनं पकडलं. तो तरुण जरा चाचरत म्हणाला, "पण काका, टेक्निकली, फ्लॅट्सच्या बिल्डिंगमध्ये ते पॉसिबल..."

"मी स्वतः सापडलोय," बाबा म्हणाले. "यंत्र चुकत नाही."

आईंनी पदर डोळ्यांना लावला. मी माझा माइक बंद केला आणि मोकळेपणानं रडले. बाबांना थाप मारताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ती त्यांना छान जमली होती.