दोन-चार शेळ्यांचा प्रवास: मोरगाव, सुपे, पळसदेव

लोक मोरगावला गणपतीच्या दर्शनाला जातात. आम्ही शेळ्या मोजायला निघालो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि हॅना. हॅना परदेशातल्या एका मदतसंस्थेत आहे. संस्थेनं गरीब देशांत दिलेल्या मदतीचा काही उपयोग झाला का, हे तपासत ती वर्षभर फिरते. मी तिची दुभाषी. तीन वर्षांपूर्वी या संस्थेनं बारामती-इंदापूर भागातल्या काही बायकांना दोन-दोन शेळ्या दिल्या होत्या. त्या वाढल्या का, एवढंच बघायचं होतं. मला वाटलं, सोपं काम आहे, जमलं तर उजनीचे पक्षीही बघून होतील. म्हणून हो म्हटलं.

पुण्याहून सासवड-जेजुरीमार्गे रस्ता चांगला आहे, जेजुरीत गर्दी लागते तेवढीच. गाडी नसेल तर स्वारगेटहून एसटी मिळते. उजवीकडची खिडकी पकडा, सकाळचं ऊन डावीकडून येतं. मोरगावात देवळाजवळच्या खानावळीत बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. हॅनाला ठेचा चटणीसारखा वाढून घेऊ नकोस असं मी सांगितलं होतं. तिनं घेतला. पुढचा अर्धा तास आमचं मूल्यमापन थांबलं.

स्टँडवर मंगल भेटली. स्कूटीला लशींचा थंड डबा बांधलेला. गावोगाव फिरून शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, हे तिचं काम आणि मानधन संस्थेचं. नमस्कार झाल्या झाल्या तिनं विचारलं, "निकाल चांगला लागला तर काम चालू ऱ्हाईल ना?" हॅनानं खरं ते सांगितलं. शेळ्या वाढल्या असतील तर पैसे पुढे येतील, नसतील तर या महिन्यात सगळं बंद. मंगलनं मान हलवली आणि स्कूटीला किक मारली.

पहिलं घर सखूबाईंचं. दारात, अंगणात, बाभळीखाली, जिथे बघावं तिथे शेळ्या. मी विचारलं, "मावशी, किती शेळ्या आहेत?"

"हायत दोन-चार."

"मग या सगळ्या कुणाच्या?"

"शेजारणीच्या."

शेजारणीकडे गेलो. तिच्याही दोन-चारच होत्या, बाकीच्या सखूबाईंच्या. हॅनानं शेवटी बोट पुढे करून स्वतःच मोजायला सुरुवात केली. सखूबाईंनी ते बोट धरून खाली केलं, घरातून मीठ-मिरच्या आणल्या, आधी शेळ्यांवरून आणि मग हॅनावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. हॅनानं फोटो काढला. तिला वाटलं, स्वागताची पद्धत आहे. मी भाषांतर केलं नाही.

सुप्याला तेच. पहिल्या घरी दोन-चार, दुसऱ्या घरी दोन-चार. एका बाईनं "देवाच्या कृपेनं हायत" एवढंच सांगितलं, त्याचा आकडा हॅनाला करता येईना. वाटेत मयूरेश्वर अभयारण्य लागतं, जरूर थांबा, चिंकारा दिसतात. त्यांचीही मोजणी होते म्हणे. त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून ती बहुतेक नीट होत असावी.

संध्याकाळी बारामतीच्या लॉजवर हॅनानं हिशेब मांडला. दिल्या दोन, आहेत सरासरी तीन. म्हणजे मदत वाया. मंगल समोर चहा घेत बसली होती. मला तिचा रागच आला. म्हटलं, "अगं, तूच लस टोचतेस ना? तुला खरा आकडा माहीत असणार. सांगून टाक."

"ताई, जितराब मोजून सांगत न्हाईत. नजर लागती," ती म्हणाली. "आन माझ्या तोंडातनं आकडा गेला, उद्या येकादी शेळी दगावली, तर मला परत दारात कोण उभं करंल?"

आकडा सांगितला तर मंगलला घरांची दारं बंद, नाही सांगितला तर काम बंद. मी हॅनाला तेवढं भाषांतर करून सांगितलं. तिनं सकाळचा मीठ-मिरच्यांचा फोटो पुन्हा उघडून बघितला.

दुसऱ्या दिवशी मंगललाही गाडीत घेऊन भिगवणमार्गे पळसदेव. हायवेलगत चिलापी तळून देणारी हॉटेलं आहेत, मासे ताजे असतात, काटे सांभाळा. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं आणि एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ बाहेर आलं होतं. पक्षी होते. बघायला मन लागत नव्हतं.

देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर यादीतल्या शेवटच्या बाईचे सासरे शेळ्या चारत होते. मी सवयीनं विचारलं, "आबा, किती शेळ्या?"

"हायत दोन-चार." आणि मग आपण होऊन म्हणाले, "पर बोकडं काय इकली म्हनता! औंदा सात इकली. मागल्या साली पाच. येक तर असलं हुतं, दोघांनी धरलं तवा टेम्पोत चढलं."

मंगलनं माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "आबा, विकलेली मोजलेली चालतात?"

"व्हय की. ती गेली दुसऱ्याच्या दारात. नजर लागंल तर त्याच्या बोकडाला लागंल. आपलं काय जातंय?"

हॅनाला सांगितलं तेव्हा ती तिथेच वाळूत वही उघडून बसली. मग उठून म्हणाली, गाडी मागे वळवा.

परतीच्या प्रवासात आम्ही सगळी घरं पुन्हा केली. प्रश्न एकच, काय काय विकलं? सुप्याच्या त्या 'देवाच्या कृपेनं'वाल्या बाई थांबेचनात. कोणतं बोकड कुठल्या बाजारात गेलं, कुठलं रडत गेलं, सगळं आलं. सखूबाईंनी तर चहा ठेवला. विकलेल्या शेळ्यांवर त्यांच्या मुलीचं नर्सिंग चाललं होतं आणि घरावर नवा पत्रा आला होता. तो पत्रा पहिल्या दिवशीही आमच्या डोक्यावरच होता.

पुण्यात परतल्यावर कपड्यांतून शेळीचा वास जायला दोन धुणी लागली. सहल म्हणून विचाराल तर दोन दिवस पुरतात, आम्हाला तिसरा लागला. काम म्हणून विचाराल, तर मी दुभाषी आहे आणि पहिल्या दिवशी 'दोन-चार' हे नुसते शब्द या भाषेतून त्या भाषेत नेले, अर्थ मागेच ठेवला, याची मला अजून लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मंगलचा फोन आला. पैसे मंजूर झाले, काम चालू राहिलं, वर नव्या गावांतूनही बोलावणं येतंय. आवाजात आनंद मावत नव्हता. मलाही इतकं बरं वाटलं, की न राहवून विचारलं, "मग आता किती घरं झाली तुझ्याकडे?"

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

"हायत दोन-चार," मंगल म्हणाली.