गाळलेला हत्ती

रविवारची सकाळ. शाहूपुरीतल्या घरात आक्का पोह्यांवर झाकण ठेवत होत्या आणि त्यांची लेक त्रिशला चटईवर मांडी घालून पैंजण तपासत होती. हुपरीच्या काकांचा माल दुकानात जाण्याआधी तिच्या बोटांखालून जायचा. एखादं घुंगरू ढिलं असलं की बोट थांबायचं आणि पैंजण बाजूला पडायचं. डोळस कारागिरांच्या हातून निसटलेला दोष त्यांची जन्मांध पुतणी काढते, याचं हुपरीत आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. शेजारी मोबाइल तत्त्वज्ञानाचं पुस्तक वाचत होता, तेही इतक्या वेगानं की आक्का म्हणायच्या, "त्ये बोलतंय का भांडतंय गं?"

तेवढ्यात कडी वाजली.

दारात प्राध्यापक नेसरीकर. मागं त्रिशलाच्या वर्गातला यशराज, हातात शाल-नारळाची पिशवी. त्रिशला एम.ए. तत्त्वज्ञानाच्या शेवटच्या सत्रात होती आणि नेसरीकर त्या विभागाचे प्रमुख. प्रमुख स्वतः घरी आलेले बघून आक्कांनी पोह्यांवर खोबरं जरा जास्तच भुरभुरलं.

"बसा की सर. खुर्ची घ्या, चटईवर समदी चांदी पसरलीया."

सर चांगले होते. त्रिशलाला त्याबद्दल कधीच शंका नव्हती, अडचण तीच होती. ती विभागात आली तेव्हा सरांनी चार टेबलांवर अर्ज फिरवून रॅम्प बांधून घेतला. त्रिशलाचे पाय ठणठणीत. ती जिना पळत चढायची. पण रॅम्प झाला, फीत कापली, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर मोटारसायकली लागायला लागल्या. त्यांच्यावर आपटून तिची नडगी दोनदा फुटली. सरांनी नोट्सही दिल्या. सत्तर पानं, स्वतःच्या वळणदार अक्षरात, फोटो काढून. मोबाइल त्या मन लावून वाचायचा: "चित्र. चित्र. चित्र." शेवटी यशराजनं दिवाळीच्या सुट्टीत बसून त्या टाइप करून दिल्या.

आणि मग आला हत्ती.

जैन दर्शनाच्या पेपरात अनेकान्तवाद असतो. कुठलीही वस्तू एकाच बाजूनं पुरती कळत नाही, असा त्याचा साधारण अर्थ. तो समजवायला आंधळे आणि हत्तीची गोष्ट. कुणाला पाय खांबासारखा लागतो, कुणाला कान सुपासारखा, आणि सगळे भांडत बसतात. नेसरीकर सर ही गोष्ट अशी रंगवायचे, की इतिहासाची पोरं दाराशी येऊन ऐकायची. यंदा तो तास आला. सर म्हणाले, "आता एक गोष्ट सांगतो," आणि थबकले. डस्टर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. "हा भाग घरी वाचा."

"तुझ्यामुळं आमचा हत्ती गेला की," यशराज बाहेर आल्यावर म्हणाला होता.

हत्ती तिचाही गेला होता. तिनं तर त्याच्यासाठी हरकत तयार ठेवली होती. सात वर्षांची असताना हुपरीत जैन मंदिराच्या पंचकल्याणक पूजेला, मिरवणुकीसाठी हत्ती आणला होता. तिनं सोंडेपासून सुरुवात केली. मग पाय, मग पोट. मग माहुताला म्हणाली, मला वर उचला. मग कान, शेपूट, आणि मग दुसरी बाजू. माहूत कंटाळला, हत्तीही कंटाळला, मिरवणूक पाऊण तास खोळंबली. आंधळा माणूस नुसत्या कानाला हात लावून घरी जात नाही. एका नजरेत सगळं कळलं असं वाटतं ते दिसणाऱ्यांना. तेव्हा ही गोष्ट कुणा डोळसानंच रचलेली असणार. एवढंच तिला भर वर्गात उभं राहून म्हणायचं होतं.

पोहे संपवून सर मुद्द्यावर आले. "मंगळवारी तपासणी समिती येतीय. समावेशक विभाग म्हणून आपण अहवाल केलाय. रॅम्प, नोट्स, आणि शिकवण्यातला एक... दुखावणारा भाग आपण गाळला, तेही घातलंय. समितीला पटलं तर पुढच्या वर्षापासून कायमचाच गाळू. तू दोन शब्द बोल. मग तुझा सत्कार."

"सत्कार कशाबद्दल, सर?"

"म्हणजे... तू एवढं शिकतेस."

"मग मलाबी एक शाल बघा की सर," यशराज म्हणाला. "मी तर दोनदा नापास होऊन शिकतोय."

"तू गप रे."

आक्का चहा घेऊन आल्या. "पर दुखावलं कुणाला? आमच्या हिला? मला चष्मा सापडंना झाला की हीच वरडती, आंधळ्यावानी काय चाचपडतीस म्हणून."

सरांनी कपबशी खाली ठेवली. मग मऊ आवाजात म्हणाले, "तुझी काही मागणी असली तर सांग, बाळ. संकोच करू नकोस. समितीपुढं मांडू. लिफ्ट म्हण, ब्रेलची पुस्तकं म्हण."

लिफ्ट झाली तर तिच्याही दारात मोटारसायकल लागणार, याची त्रिशलाला खात्री होती. तिनं हातातलं पैंजण खाली ठेवलं.

"मंगळवारी मी बोलेन, सर. फक्त त्याआधी, उद्याच्या तासाला, हत्ती शिकवा. मला हरकत घ्यायची आहे."